उलटसुलट फळ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

सहा फळ्या गेल्या. वाळवी! थप्पीतल्या अगदी खालच्या — वरून धडधाकट, बोट दाबलं की भुसा. हे उकिडवे बसून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, चहा कर.

नर्सबाईंच्या अंगणातलं झाड दोन वर्षांपूर्वी वादळात आडवं झालं. त्याच्याच फळ्या पाडून आमच्या शेडमध्ये वाळत ठेवल्या होत्या. त्यातून बाईंच्या दारापुढे उतार करायचाय. दाराला चार पायऱ्या, बाईंचे गुडघे गेलेले. चाकाच्या खुर्चीतून पायऱ्या उतरायच्या कशा? सव्वा वर्ष झालं, बाईंनी उंबरा ओलांडलेला नाही. आमच्या सुतारांनी शब्द देऊन टाकला होता — फळ्या न तपासताच.

५ फेब्रुवारी, बुधवार

यांचा हिशोब: उतार चोवीस फूट लांब हवा, त्याहून आखूड केला तर खुर्ची सुटेल. त्यावर आडवे बसवायला चार फुटी तुकडे पन्नास. निघतात एकोणचाळीस.

आम्ही दोघं बाईंकडे गेलो. हे म्हणाले, बाकीचं लाकूड वखारीतून आणू, रंग दिला की कळणारही नाही. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चाळीस वर्षं त्या झाडाला बांधलेल्या दोरीवर मी युनिफॉर्म वाळत घातले. दुसरं लाकूड लावणार असाल तर राहू दे, सुतार."

परतताना हे पुटपुटले: हट्टी म्हातारी!

८ फेब्रुवारी, शनिवार

माझं शिलाईचं दुकान बंद करून चौदा महिने झाले. खांदा धरतो, काय करणार. पण रिकामं बसवत नाही, म्हणून आज शेडमध्ये जाऊन बसले. आणि नको ते पाहिलं.

फळी बुंध्याकडे रुंद असते, शेंड्याकडे निमुळती. हे काय करतात, तर शेंड्याच्या मापानं सगळी फळी सरळ कापतात. कडेच्या पाचरी सरपणात! मला राहवेना. म्हटलं, कळीदार झग्याचं कापड मी असं कापलं असतं तर गिऱ्हाइकानं दारात उभं केलं नसतं. एक कळी सुलटी, शेजारची उलटी बेतायची. एकीचा घेर तिथं दुसरीची कंबर. कापड वाया जातंच कशाला?

"हे लाकूड आहे," म्हणाले. "कापड नव्हे."

 रात्री भाजीत मीठ नव्हतं, तेसुद्धा यांनी सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

हे बाहेर गेल्यावर खाकी कागदाचा गुंडाळा काढला. प्रत्येक फळी कागदावर उतरवली. तुकडे कापले, बाहेरच्या खोलीतल्या जमिनीवर मांडले — रुंद टोकाशेजारी निमुळतं, उलटसुलट. पाठ मोडली. पण अठ्ठेचाळीस भरले!

दोन कमी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस कागद तसेच. आम्ही भिंतीच्या कडेकडेनं चालतोय. आज हे चपला काढून त्यांच्यामध्ये उभे राहिले.  मग गुडघ्यावर बसले आणि एक कागद सरकवला. मी धसकले — पण ते मांडणी मोडत नव्हते. म्हणाले, या फळीत इथं गाठ आहे, ती मधोमध आली तर चाकाखाली तुकडा तडकेल, ती कडेला घे. आणि लाकडाला धागा असतो, तो बघून कापावं लागतं.

"कापडालाही असतो," मी म्हटलं.

तेव्हा हसले. शनिवारपासून पहिल्यांदा.

दिवेलागणीपर्यंत दोघं जमिनीवर रांगत होतो. त्यांनी गाठी सांगायच्या, मी कागद फिरवायचे. एक्कावन्न निघाले! वर कडेच्या पट्ट्यांतून कठड्याचे गजही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माझी चूक. कात्री कापड खात नाही. करवत लाकूड खाते! दर कापाला तांदळाच्या दाण्याएवढं. मी ते धरलंच नव्हतं. सगळे तुकडे ओळीनं लावले तर चोवीस फुटांना पन्नास पुरेनात, जवळजवळ एका तुकड्याएवढं कमी.  यांनी मुकाट्यानं एक्कावन्नावा आणून ठेवला. बसला.  मी असते तर बोलले असते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उतार बसला. दोन तुकड्यांमध्ये पाणी निथळायला बारीक फट, कडा घासून गुळगुळीत. उलटसुलट तुकड्यांमुळे वरून बघितलं तर नागमोडी रेघा दिसतात. मुद्दाम केलं असतं तर जमलं नसतं.

चाचणीला खुर्चीत हे बसले, ढकलायला मी. काय हे वजन! उतार हूं की चूं करेना.

कोपऱ्यावरचा दुकानदार बघायला आला. नक्षी कुणाच्या डोक्यातली, म्हणाला. मला वाटलं, हे खाकरतील आणि विषय बदलतील.

"बेत हिचा. मी नुसता कापणारा."

मी खाली वाकून खिळे शोधत बसले. खिळे सांडलेच नव्हते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उरलं काय? भुसा, आणि एक टोपली तुकडे. एवढ्या कामात एरवी दोन पोती सरपण निघतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उताराला तेल लावायला गेलो तर बाई घरात नाहीत, अंगणात नाहीत. फाटक सताड उघडं.  रस्त्यानं धावत निघालो.

तिसऱ्या घरापाशी सापडल्या. ते त्यांच्या बहिणीचं घर. दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. बाईंची खुर्ची पायऱ्यांच्या खाली, बहीण शेवटच्या पायरीवर. दोघींच्या हातात कप. दोघी रस्त्याकडे बघत होत्या.

"सुतार," बाई म्हणाल्या, "हिच्या पायऱ्या मोजून घ्या."

"तीनच आहेत," बहीण म्हणाली.