सेंटर-हाफच्या परतीची शक्यता

सोमवार, १ मार्च १९४८. भिसेगाव, कर्जत.

झाले ते असे:

१. माझा थोरला भाऊ हेमचंद्र हॉकीत सेंटर-हाफ. १९४६ साली भारताच्या संघातून सिलोनला गेला. चार सामने खेळला.
२. गेल्या १६ नोव्हेंबरला पुण्यात सामना होता. आदल्या दिवशी त्याचा उजवा गुडघा सुजला.
३. गुडघा मी टेपने मोजला. डाव्यापेक्षा तीन अष्टमांश इंच जास्त. फरक नगण्य आहे, खेळ, असे मी सांगितले.
४. तो खेळला. बाविसाव्या मिनिटाला पडला. गुडघ्यातली कूर्चा फाटली. सहा आठवडे प्लास्टर.
५. जानेवारीत त्याचे नाव संघाच्या यादीतून कमी झाले.
६. लंडनच्या ऑलिंपिकसाठी निवड-सामने मुंबईत, शनिवार ८ मे. आजपासून ६८ दिवस.

कलम ३ बद्दल मला विशेष काही वाटत नाही. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिले.

मुंबईची ट्रेसरची, म्हणजे नकाशे गिरवण्याची, नोकरी मी सोडली आहे. तिथली हवा मानवत नव्हती. आता वेळ भरपूर आहे. दादाला संघात परत आणायचे. शक्यता: ७० टक्के.

बुधवार, ३ मार्च.

मैदान मिळाले. पळसदरीच्या रस्त्याला कोंडाजीचे शेत आहे. रबरी नळीत पाणी भरून भाताच्या आठ खाचरांची पातळी पाहिली. सात उतरती. सर्वांत वरचे मात्र सपाट, खडा नाही, ढेकूळ नाही. चाळीस यार्ड लांब, पंचवीस रुंद. सरावाला पुरे. इतकी चांगली जागा याने अशीच ठेवली आहे. या लोकांना जमिनीची पारख नसते.

कोंडाजीने लगेच हो म्हटले. राबाच्या वेळेला तेवढी मोकळी करा, म्हणाला. राब पावसाआधी असतो. पाऊस जूनमध्ये. म्हणजे मे अखेर. आपण ८ तारखेलाच मोकळे.

शुक्रवार, ५ मार्च.

चेंडू सरळ जावा म्हणून जमीन शेणाने सारवून हवी. भागूबाईला, आमच्याकडे झाडलोट करते तिला, नेऊन दाखवले. तिने पदराने तोंड पुसले आणि सगळीकडे पाहिले. म्हणाली, एवढं सारवायचं तर साऱ्या भिसेगावाची लगनं एका दिवशी लागली पायजेत. एक कोपरा सारवून गेली. तो कोपरा उत्तम झाला आहे. सराव त्या कोपऱ्यात.

बुधवार, १० मार्च. सकाळी ७.

पहिली चाचणी. चाळीस यार्ड: ८.१ सेकंद. पूर्वी ५.२. वारा समोरून होता.

शेजारच्या इंदूबाई कुंपणावरून म्हणाल्या, हेमचंद्र अजून लंगडतोय गं. लंगडत नाही. उजवे पाऊल डाव्यापेक्षा १८ टक्के आखूड पडते, एवढेच. त्यांना तसे सांगितले. त्यावर म्हणाल्या, भावाला पळवतेस त्याच्या निम्मी स्वतः पळाली असतीस तर एव्हाना सासरी पोचली असतीस.

मंगळवार, १६ मार्च.

व्यायाम क्र. ४: खुर्चीत बसून पायाला पाच शेरांची वाळूची पिशवी, पाय सरळ करणे, तीस वेळा. मी घड्याळ आणायला आत गेले. परत आले तेव्हा पिशवीवर आमची मांजर बसली होती आणि दादा पेपर वाचत होता. तीस झाले, म्हणाला. तीस लिहिले. खेळाडूच्या शब्दावर विश्वास हवा.

शुक्रवार, १९ मार्च.

निवड समितीच्या सेक्रेटरींना पत्र. सोबत आलेख: गुडघ्याचा घेर, आठवड्यागणिक. ट्रेसिंग कापडावर, शाईने. रेघ खाली जाते आहे. दोन बिंदू वर होते. ते मोजताना दादा नुकताच माजघराच्या पायऱ्या चढून आला होता, म्हणून धरले नाहीत.

शनिवार, २७ मार्च.

उत्तर आले. तीन ओळी. आलेख मिळाला. खेळाडूंना प्रांतिक संघटनेमार्फत बोलावले जाते. कापड हवे असल्यास परत पाठवू.

नकार नाही. आलेखाची दुसरी प्रत प्रांतिक संघटनेला पाठवली. शक्यता: ७५ टक्के.

गुरुवार, १ एप्रिल.

दादा मनाने तयारीला लागला आहे याचा पुरावा मिळाला. आठवड्यातून तीन दिवस पहाटे खालापूरला जातो. बारा मैल. चालायला जातो, म्हणतो. मी हे सांगितले नव्हते. त्याचे त्याने सुरू केले.

संध्याकाळी आला तेव्हा केसांत, भुवयांत, सदऱ्याच्या शिवणीत भाताचे तूस. तिकडे गिरणी आहे. तिथल्या तुसाच्या ढिगावर धावत असावा. मऊ, सरकत्या जागेवर धावल्याने घोटे बळकट होतात. कल्पना चांगली आहे. तक्त्यात व्यायाम क्र. ९ म्हणून लिहिली.

आई त्याचे कपडे झटकत काही बोलणार होती. मग आत गेली.

बुधवार, ७ एप्रिल.

चाळीस यार्ड: ८.४. गेल्या महिन्यापेक्षा वाढले. आता वारा मागून होता. मागचा वारा लंगडणाऱ्याचा, म्हणजे आखूड पाऊल टाकणाऱ्याचा तोल बिघडवतो. आकडा पेन्सिलीने लिहिला आहे.

मंगळवार, १३ एप्रिल.

मैदानावर कोंडाजीच्या घरच्या बायका आल्या होत्या. शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरत होत्या. वीतभर जाड थर. चुन्याच्या रेघा त्याखाली गेल्या. धावत गेले. कोंडाजी बांधावर तंबाखू मळत बसला होता. मे अखेर ठरले होते, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, मे कुनी म्हटलं? मी म्हटले, राब पावसाच्या आधी असतो. तो म्हणाला, आधीच हाय की. मग चिमूट तोंडात टाकून सावकाश बोलला:

"ताई, सात खाचरं उतरती आन् एकच सपाट, ह्ये का, ते इचारलं नाय तुमी. रोपासाठी राखलीय ती जागा. वरची हाय, पानी थांबत नाय. माझा बाप हितंच राब भाजायचा."

घरी येऊन चौकशी केली. आईलाही माहीत होते. शेण-पाला जाळून भाजलेल्या त्या जमिनीत भाताची रोपे करतात, हे भिसेगावात सगळ्यांना माहीत होते. मला कोणी सांगितले नाही. मी विचारले नव्हते, असे आई म्हणाली.

शुक्रवार, १६ एप्रिल.

राब पेटवला. सारवलेल्या कोपऱ्यासकट. दादा माझ्याशेजारी उभा होता. खोकला आणि मग हसला. नोव्हेंबरनंतर त्याला हसताना पाहिले नव्हते. धुरामुळे असेल.

राखेचा थर फार मऊ आहे. पडले तरी लागणार नाही. सराव पुढे चालू. शक्यता: ७० टक्के.

शनिवार, २४ एप्रिल.

संघटनेचे कार्ड. हेमचंद्र यांनी ८ मे रोजी सकाळी आठला निवड-सामन्यासाठी हजर राहावे.

तीन वेळा वाचले. खिडकीशी जाऊन उजेडात एकदा. शक्यता: ९० टक्के.

दादाला दाखवले. त्याने कार्ड हातात घेतले, उलटे करून मागचा पत्ता वाचला आणि मला परत दिले. चांगले आहे, म्हणाला. त्याला मोठे बोलायची सवय नाही.

गुरुवार, २९ एप्रिल.

चाळीस यार्ड: घेतले नाही. आकड्यांमुळे खेळाडूवर दडपण येते.

रात्रीच्या जेवणाला फक्त आई आणि मी. तो खालापूरलाच राहिला. बारा मैल जाऊन येण्यापेक्षा विश्रांती बरी.

शनिवार, १ मे.

सकाळी आला. मी काठी आणि चेंडू घेऊन शेतावर नेले. राखेत त्याला दहा वळणे घ्यायला सांगितली. डावीकडची पाच चांगली. उजवीकडच्या दुसऱ्या वळणाला गुडघा अडकला. वाकेना, सरळ होईना. तो राखेत बसला आणि दोन्ही हातांनी हळूहळू सोडवत राहिला. सरावलेल्या हातांनी. हे आज पहिल्यांदा होत नव्हते. किती वेळा होते, म्हणून विचारले. रोज, म्हणाला.

मी वहीत लिहू लागले. तो म्हणाला, वही मिट.

मिटली.

म्हणाला, खालापूरच्या भातगिरणीत तो फेब्रुवारीपासून वजनकाट्यावर बसतो. आधी आठवड्यातून तीन दिवस, आता रोज. मालकाने मागच्या बाजूची खोली दिली आहे. सोमवारी सामान नेणार. आईला सांगितले आहे. म्हणजे चालण्याचा हेतू वेगळा होता. अंतर मात्र तेवढेच भरले. बैलगाडीने जात होता का, हे विचारले नाही.

मग म्हणाला:

"सुची, त्या दिवशी तू नको म्हणाली असतीस तरी मी खेळलोच असतो गं. ऐकलं असतं का मी तुझं कधी?"

हे सिद्ध करता येत नाही. मी तसे त्याला सांगितले. तो पायजम्याची राख झटकून एकटाच घराकडे गेला. मी पाठीमागून पाहत होते. लंगडत होता.

सोमवार, ३ मे.

ट्रंक, अंथरूण, स्टोव्ह. हॉकीची काठी न्यायची राहिली. की ठेवली, ते कळत नाही. आई दाराशी उभी राहून गाडीवाल्याला म्हणाली, सावकाश हाक.

शक्यतेच्या रकान्यात आज आकडा लिहिलेला नाही. दोन वेळा लिहून खोडला. दोन्ही वेळा वेगळा आला.

मंगळवार, ४ मे. दुपारी ३.

आज खालापूरला जाणाऱ्या माणसाबरोबर दिलेल्या चिठ्ठीची नक्कल:

दादा,

निवड-सामने शनिवारी आहेत. कार्ड सोबत आहे. त्यावर तुझे नाव आहे, माझे नाही.

नऊ आठवडे मी तुझ्या गुडघ्याबद्दल सगळे विचारले. एक विचारले नाही. तुला खेळायचे आहे का?

हो किंवा नाही, एवढेच लिही. नाही असेल तर कारण देऊ नकोस. मी त्यात चूक काढीन.

गुरुवार, ६ मेपर्यंत उत्तर पाठव.

सुचेता