भावंडांचा रकाना

४ फेब्रुवारी
आज रुजू झालो. केंद्रीय तपास खात्याची पूर्वचौकशी शाखा, दुसरा मजला, खिडकीशेजारचं टेबल. तीन खण, मधला अडकत होता, मेणबत्ती घासून सरळ केला. वय एक्कावन्न. कॉलेजची पायरी चढलो नाही, पण फौजदारी कायदा, पुराव्याचा कायदा आणि लघुलेखन, तिन्ही स्वतःच्या हिमतीवर शिकलो. अधीक्षक म्हणाले, पदवीवाल्यांकडे असं अक्षर नाही. टायपिस्टबाई लगेच म्हणाल्या, सुंदर अक्षराची माणसं पोटातलं कधी लिहीत नाहीत. विनोद बरा होता. हसलो.

७ फेब्रुवारी
लोकांना वाटतं, पिस्तूल कमरेला लागलं की झाला तपास अधिकारी. त्याआधी अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत, धावणं, वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी आमची पूर्वचौकशी. उमेदवाराला ओळखणाऱ्या पाच जणांचे जबाब घ्यायचे. त्यांच्याच शब्दांत लिहायचं, वाचून दाखवायचं, पानोपानी सही घ्यायची. कोण काय बोललं, हे उमेदवाराला कधीच कळू द्यायचं नाही. या एका नियमावर सगळा डोलारा उभा आहे.

माझीही चौकशी व्हायची आहे; ती होईपर्यंत नोकरी कच्ची. अठरा पानी अर्ज मी एका बैठकीत भरला, एक खाडाखोड नाही. अधीक्षकांनी सहज विचारलं, वारलेली भावंडंसुद्धा लिहायची असतात, माहीत आहे ना? म्हटलं, नियम पाठ आहेत, साहेब.

भावंडांच्या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं आहे.

१२ फेब्रुवारी
गावाहून बायकोचा फोन. तुमच्या खात्याचा माणूस येऊन गेला म्हणाली. विशीतला, फार नम्र, पाणीसुद्धा घेतलं नाही. कोट चांगला, पण पायात धावायचे कापडी बूट, आणि ते ओले. बाहेर रणरणतं ऊन आणि आत फरशीभर पावलं! वर हसून म्हणाली, कपाळ थेट तुमचं हो, कुठे एखादा मुलगा लपवून तर ठेवला नाहीत ना?

अधीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, तुमची फाइल माझ्या कपाटात आहे, अजून कुणाला दिलेलीच नाही. घाई कसली एवढी?

१५ फेब्रुवारी
आज आमच्या जुन्या गल्लीतल्या शिंप्याचा फोन. त्याच्याकडेही तो येऊन गेला. मग शाळेतल्या मास्तरांचा. मास्तरांना आता जवळजवळ दिसत नाही. म्हणाले, आवाज ओळखीचा वाटला रे, आणि बसायच्या आधी परवानगी मागितली त्यानं. आमच्या वर्गात तसं एकच पोर मागायचं.

मी फोन ठेवला. पुढचं ऐकलं नाही.

१७ फेब्रुवारी
लिहून टाकतो. रोजनिशी कोण वाचणार?

मला धाकटा भाऊ होता. सव्वीस वर्षांपूर्वी याच खात्यासाठी आम्ही दोघांनी अर्ज केला. लेखी परीक्षेत मी तीन गुणांनी नापास झालो, तो सगळ्यात पास झाला. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं धावायचा, मी घड्याळ धरून उभा. मनगट दुखायचं, पोटातही दुखायचं. चौकशीचा माणूस आला तेव्हा पाचवा जबाब माझा होता. मी खालमानेनं, जड आवाजात सांगितलं, की त्याला लहानपणापासून फिट येतात, घरचे लपवतात. एवढंच. माणसानं वाचून दाखवलं. मी वळणदार सही केली.

त्याला नकार आला, कारण न देता. तो माझ्याकडेच आला. म्हणाला, दादा, कुणीतरी काहीतरी सांगितलंय रे. तुला यातलं सगळं कळतं, शोधशील ना?

म्हटलं, शोधतो.

आठव्या दिवशी कालव्यात सापडला. पायात बूट तसेच. नाडीला दुहेरी गाठ, मीच शिकवलेली.

१९ फेब्रुवारी
गावच्या दवाखान्यातल्या परिचारिकेचाही जबाब झाला. तिनंच त्याला शेवटचं पुसलं होतं. फोनवर एवढंच सांगून रडत राहिली. म्हणजे चार.

अधीक्षकांना फाइल काढायला लावली. चार जबाब आत, रीतसर, पानोपानी सह्या. ते चक्रावले, हे घेतले कुणी? चौकशी अधिकाऱ्याच्या सहीवर पाणी पडलेलं. भावंडांच्या रकान्यातला माझा शब्द धुऊन गेलेला. पाचवा कागद कोरा. वर फक्त एक ओळ—

जबाब देणार : दादा.

या इमारतीत मला कुणी दादा म्हणत नाही.

२० फेब्रुवारी
शिपाई माझ्यावर ओरडला. पाय पुसून येत जा की साहेब, किती वेळा फडकं मारू? जिन्यापासून माझ्या टेबलापर्यंत ओली पावलं. परत गेलेली नाहीत.

माझे बूट कोरडे आहेत. दोनदा पाहिले.

२१ फेब्रुवारी
अर्ज दुरुस्त करायला मागितला. अधीक्षक म्हणाले, पाचवा जबाब झाल्याशिवाय हात लावता येत नाही. नियम आहे.

नियम मला पाठ—

राजीनामा लिहिला. शाई उतरेना. कागद ओला.

२२ फेब्रुवारी, दुपार
सगळे जेवायला गेले आहेत. समोरच्या खुर्चीवर—

बसायच्या आधी परवानगी मागितली त्यानं. दिली.

काही विचारत नाही. कोरा कागद सरकवला. मी सांगतो, तो लिहितो. माझ्याच शब्दांत. त्याला फिट येत नव्हत्या. कधीच नाही. मी खोटं— मी, त्याचा सख्खा—

आता वाचून दाखवतोय. एक शब्द इकडचा तिकडे नाही. टेबलाखाली पाणी घोट्यापर्यंत आलंय. गार आहे. सही केली. अक्षर वाकडं आलं, पहिल्यांदाच.

तो उठत नाही. वाकून नाडी बांधतोय, माझी. दुहेरी गाठ. आणि विचारतोय, दादा, सापडला का रे तो?

सापडला, म्हटलं. तो मी