माशी न बसलेले बोंबील

अर्नाळा
ता. ९ डिसेंबर २०२४

ती. प्रेमलताताईस नेत्राचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की सासू कान लावते, म्हनून टेंपोवाल्या कॅल्विनकडे चिठ्ठी देते. माझा कुशल आता शुद्धीवर आहे, आधी तेच सांगते.

परवा सकाळी वलांडीच्या बांबूंवर सुकायला टांगलेले बोंबील बघायला गेले, तर एक माशी नाही. मी येडी खूश झाले! पोर खालीच खेळत होतं. मग रॉकेलसारखा वास आला, दोन कावळे तडफडताना दिसले. पोराच्या तोंडाला लाळ, डोळ्यातली बाहुली टाचनीच्या टोकाएवढी. उचललं नि वारा येत होता तिकडंच तोंड करून पळाले. गंजी डोक्यावरून नाही काढली, कापली. साबन लावून पानी ओतत राहिले. सासू लिंबूपानी पाजायला आली, तिला हाकललं. दवाखान्यात नर्सबाई म्हनाली, धुतलंस म्हनून वाचला.

बोंबलांवर विषारी औषध फवारलं, शेजारच्या प्रल्हादचंच काम. वलांडीच्या जागेवरून भांडत होता, फवारनीचा पंप त्याच्याच पडवीत. आता म्हनतो, पोराला शिळं बाधलं, नेत्राचे बोंबील तर झकास आहेत. गावचे पंच म्हनतात, त्याच्याकडून नारळ घेऊन मिटव. ताई, त्याच्या नरड्यात तेच औषध ओतू का?

पोरासाठी देवाला सांग.
तुझी नेत्रा

पाचूबंदर
ता. ११ डिसेंबर

चि. नेत्रास अनेक आशीर्वाद.

ओतशील नि तुरुंगात जाशील, मग पोर कोन बघेल? सासू? हातमोजे घाल. ते बोंबील, कुशलची गंजी, तुझी साडी दोन-दोन पिशव्यांत बांध नि पोलिसांना दे. उघड्या हातानं शिवू नको. तू पन त्याला उराशी धरलंस, तुझी तपासनी करून घे.

तुझ्या सासूचा घास बोंबलाशिवाय उतरत नाही, म्हनून माझ्या अंगनातले पाठवते. चांगले आहेत.

भाच्याला मुका.
ताई

अर्नाळा
ता. १५ डिसेंबर

ती. ताईस नेत्राचा नमस्कार.

कुशल घरी आला. मला पन डॉक्टरनी तपासलं, बरी आहे. सगळं बांधून पोलिसांना दिलं.

काल पंच बसले. प्रल्हाद मांडीवर नारळ घेऊन, नवरदेवासारखा. मी मूठभर बोंबील भाजून त्याच्यापुढे ठेवले. म्हटलं दादा, तुम्हीच झकास म्हनता, एक खा. त्याला घाम फुटला. हळूच विचारतो, धुतलेस का? मी म्हटलं, झकास बोंबील कशाला धुवायचे? तो असा मागे सरकला की नारळ घरंगळत हवालदाराच्या बुटाला लागला. हवालदार मघापासून दारातच होते.

ताई, ते तुझे बोंबील होते. त्याला नेल्यावर मी तिथंच बसून सगळे खाल्ले. लई गोड लागले.

तुझी माया आहेच, अजून थोडे बोंबील पन पाठव. सासू रुसलीय.

तुझी नेत्रा