दोन्ही हातांची पट्टी

प्रिय ताई,

वयानं मोठी म्हणून पाया पडतो, अर्थात हल्लीच्या नियमाप्रमाणे लांबूनच. वॉर्डातली ड्युटी कशी चाललीय? तो अंगभर झगा घालून तासन्तास उभी असतेस म्हणे, मग जेवतेस कधी? आम्ही सगळे ठीक आहोत. (माझा घसा दुखत होता, पण तो दुखतोय का हे बघायला मी सारखा खाकरत होतो म्हणून, असं डॉक्टर म्हणाले.) फोनच केला असता, पण हल्ली घरातले सगळे दिवसभर घरातच असतात, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही.

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात प्रथमोपचाराची पेटी माझ्या गोदामाच्या भिंतीवर टांगलेली आहे. तेवढ्या एका पात्रतेवर साथ सुरू होताच साहेबांनी मला प्रथमोपचारक नेमलं. (शेजारीच आग विझवायचं नळकांडं आहे, बंबवाला नेमलं नाही हे नशीब.) मग सूचनांचा कागद आला. जखमी माणसाला मास्क द्या, आपण मास्क, चष्मा, हातमोजे घाला, जमेल तितकं लांब राहून जखम त्यालाच दाबून धरायला सांगा. कोणाचा श्वास थांबला तर तोंडानं श्वास देऊ नका, त्याच्या तोंडावर कापड टाका, रुग्णवाहिका बोलवा आणि छाती दाबत राहा. मी सगळं घोकलं. पण घोकून होईपर्यंत नवा कागद यायचा, त्यामुळे काल बरोबर असलेलं आज चूक की आज चूक असलेलं उद्या बरोबर, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

अशात गेल्या आठवड्यात कटिंग मशीनवरच्या मामांच्या डाव्या हाताचं बोट पात्यानं कापलं. (सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो, सख्खा भाचा एकही नाही.) मी सगळा जामानिमा करून पोचलो तोवर चष्म्यावर वाफ धरली होती. सूचनेप्रमाणे लांबूनच कापडाची स्वच्छ घडी सरकवली आणि दुसऱ्या हातानं दाबून धरायला सांगितलं. त्यांनी धरली, त्यामुळे दोन्ही हात लाल. मग जवळ जाऊन जो हात पुढे आला त्याला बोटांपासून मनगटापर्यंत अशी पट्टी बांधली, की तूसुद्धा शाबासकी दिली असतीस. मामांनीही तो हात आज्ञाधारकपणे पुढे धरून ठेवला. रक्त मात्र थांबेना. चष्मा पुसला तेव्हा दिसलं, मी त्यांचा धडधाकट उजवा हात बांधला होता.

माझी पाचावर धारण बसली. घाईघाईनं डाव्या हाताचं बोट घट्ट दाबलं, हात वर धरला, तीही पट्टी बांधली. तेवढ्यात साहेब आले आणि दोन पट्ट्या कशाला म्हणून विचारू लागले. माझ्या तोंडून निघून गेलं की हल्ली दोन्ही हात बांधतात. मामा म्हणाले, "मला वाटलंच, काहीतरी नवीन निघालं असणार." डॉक्टरांनी बोटाला टाके घातले, बोट वाचलं. उजव्या हाताची पट्टी मात्र त्यांनीही सोडली नाही. प्रथमोपचारकानं बांधली म्हणजे काही कारण असेल, म्हणाले. आता साहेब माझ्यावर इतके खूश आहेत की सोमवारी सगळ्या कामगारांना दोन्ही हात बांधायला शिकवणार आहे तुझा भाऊ.

बाकी क्षेम. जिवाला जप. तुझी फार आठवण येते, आणि काळजीही वाटते.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम हे. मामा सुटीवर आहेत आणि तो उजवा हात अजून तसाच बांधून बसलेत. सोडायला सांगावं तर सगळं कबूल करावं लागेल. तू नर्सच्या आवाजात साहेबांना आणि मामांना फोन करून सांग, की नियम बदलला, आता एकच हात बांधायचा. नियम रोजच बदलतात, कोणी शंका घेणार नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवतच होतो, तोवर मामा स्वतः फाटकाशी आले. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं, तुझ्या फोनचं पण. ते म्हणाले, त्यांना घरी पोचल्यावरच कळलं होतं. आंघोळीला पट्टी ते गुपचूप सोडतात आणि पुन्हा बांधतात. संसारात एवढी वर्षं गेली, मामी कधी जेवायला समोर बसल्या नव्हत्या. आता रोज स्वतःच्या हातानं भरवतात. "तुमच्या ताईंना सांगा," म्हणाले, "साहेबांसाठी काय तो नियम बदला. आमच्या घरचा राहू दे थोडे दिवस."