सुईचं टोपण

३ जून १९९६, सांगली
आराखडा परत! पीएच.डी.च्या गाईड मॅडम म्हणाल्या, "सगळं हॉस्पिटल सुधारायला निघू नका, विनोदिनी. एक वॉर्ड, एक सवय." सवय ठरवली — इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण परत लावायचं नाही, सुई थेट खाटेजवळच्या पत्र्याच्या डब्यात. टोपण लावतानाच आम्हा सिस्टरांच्या बोटाला टोचतं. आधी महिनाभर नुसतं बघायचं, मग शिकवायचं.

११ जून
टोचली. मलाच! सवयीनं टोपण लावायला गेले आणि डाव्या बोटात घुसली. इंजेक्शन आष्ट्याच्या कोंडीबांना दिलेलं, महिनाभर ताप. बोट नळाखाली धरलं, साबण चोळला, रक्त थांबेना. ते खाटेवर उठून बसले — "बाई, लय लागलं न्हाई न्हवं?"
नाही म्हटलं.

१४ जून
कोंडीबांचा रक्ताचा रिपोर्ट आला. एच.आय.व्ही. पॉझिटिव्ह.

१५ जून
लागण रक्तात दिसायला पुस्तकात तीन महिने लिहिलेत. त्याआधी तपासलं तरी खात्री नाही. तीन महिने!

२२ जून
हे कोयनानगरहून आले. मी अंथरूण वेगळं घातलं. "कंबर धरलीय," म्हटलं. ते कंबर शेकायला पाणी तापवायला गेले. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

७ जुलै, सातारा
आईनं कणीक भिजवायला सांगितली. बोटावर आता डागसुद्धा नाही. तरी परातीत हात घालवेना. "तुझं काय बिनसलंय गं?" — काही नाही.

१९ जुलै, सांगली
आराखडा पुन्हा लिहिला. कलम चार : 'सुई टोचल्यास सिस्टरने त्याच दिवशी कळवावे.' लिहिलं आणि पेन ठेवलं. मी कुणाला कळवलं? नोकरी जाईल? वॉर्डात माझ्या कपातून कुणी चहा पिणार नाही? रोज ताप बघते. आज नव्याण्णव.

२ ऑगस्ट
शकिला सिस्टरनं पकडलं! चादरींच्या खोलीत, तोंडात थर्मामीटर. दहा वर्षं एका वॉर्डात आहोत — खोटं बोलता येईना. सगळं सांगितलं. तिनं माझं तेच बोट धरलं. "वेडे, दीड महिना एकटीच मरत होतीस?"
आज भाकरी गोड लागली.

१२ सप्टेंबर
तपासायला रक्त दिलं. शकिला म्हणाली, "थांब, मीपण देते. तुला सोबत." बाही वर करून हसत बसली.

१६ सप्टेंबर
माझा निगेटिव्ह.
शकिलाचा नाही. दोनदा तपासलं.
रडली नाही. एवढंच म्हणाली — "विनू, कुठली सुई ते आठवतच नाही गं."