शिक्षक टिकवण्याची जबाबदारी

सोमवार, ७ जुलै
जूनपासून आमच्या डोंबिवलीच्या शाळेतले तीन शिक्षक सोडून गेले. आता शिक्षक टिकवायची जबाबदारी मॅनेजमेंटने माझ्यावर टाकली. योग्यच. शाळेचा सुपरवायझर म्हणून मला माणसं कळतात. दिवाळीपर्यंत एकही जाणार नाही. विशेष लक्ष दर्शना कांबळे, गणित. ती गेली तर दहावीचं कठीण आहे.

बुधवार, ९ जुलै
समाधान-फॉर्म वाटला. चाळीस प्रश्न. नाव लिहायचं नाही, म्हणजे मोकळेपणाने लिहितील. फक्त एम्प्लॉयी नंबर टाकायचा. दर्शनाने एकच वाक्य लिहिलंय, की फॉर्म भरताना सातवी ब चा तास बुडाला. अक्षर सुंदर. मन लावून भरलाय.

शनिवार, १२ जुलै
'आनंदी शिक्षक' शिबिर. शाळा सुटल्यावर साडेतीन तास. वक्ता मीच. सगळे शेवटपर्यंत बसले. (दार बंद होतं, पण ते एसीमुळे.) सोनल मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळ शेजाऱ्यांकडे ठेवून आलेली, असं नंतर कळलं.

सोमवार, १४ जुलै
सोनलचा राजीनामा. घरगुती कारण. शिबिराशी संबंध नाही.
दर्शनाला बोलावून घेतलं. म्हटलं, मनात असेल ते बोला. म्हणाली, सर, मला शिकवायला आवडतं, पण आठवड्यातले सहा तास तुमचे रिपोर्ट भरण्यात जातात. मी म्हटलं, नक्की किती जातात त्याचा रोज एक रिपोर्ट द्या, मग बघू. वही उचलून तासाला गेली. पटलं असावं.

गुरुवार, १७ जुलै
दर्शनाचाही राजीनामा. मी स्वीकारणार नव्हतो. प्रिन्सिपल बाईंनी सकाळीच स्वीकारलेला.
तिच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो. निरीक्षण म्हणून. एक मुलगी फळ्याशी तीनदा चुकली, दर्शना तीनदा थांबली. चौथ्यांदा बरोबर आलं. निरीक्षणाच्या तक्त्यात हे लिहायला रकाना नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट
दर्शनाचा निरोप समारंभ. ती ठाण्यात खोपटच्या एका शाळेत चालली आहे, पगार इथल्यापेक्षा कमी. हे मला समजलेलं नाही.
मॅनेजमेंटने सांगितलं, नवीन माणूस मिळेपर्यंत गणिताचे तास मी घ्यायचे. माझा विषय भूगोल.
जिन्यात तिला गाठलं. सहज विचारलं, तिकडे सुपरवायझरची जागा आहे का. म्हणाली, नाही सर, ते पदच नाही तिथे. भूगोलाला शिक्षक हवाय, येता का.
थट्टा करत नव्हती.
विचार करून कळवतो म्हटलं. त्या शाळेचा नंबर तिनेच लिहून दिला.