अठ्ठावीस किलोंचा ताण

मॉन्टे कार्लो,
२१ एप्रिल

ती. ताता यांस,
नेवेंकाचा सा. न. वि. वि.

कालचा अंतिम सामना तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल, म्हणून बढाई मारत नाही. आज सोमवारची जागतिक टेनिस क्रमवारीची यादी आली. आपला लोव्रे चौथा आहे. जानेवारीत सतरावा होता. करंडक हातात घेऊन आत आला आणि पहिलं काय विचारलं, तर आईने दिलेले सुके अंजीर उरलेत का! मी म्हटलं, कधीच संपले, अर्ध्याहून जास्त तूच फस्त केलेस.

आता सगळं पॅरिसवर आहे. गेल्या वर्षी मनगटामुळे तो तिथे खेळलाच नव्हता, म्हणजे त्याचं तिथे गमावण्यासारखं काही नाही. सध्याचा पहिला, अर्जेंटिनाचा इबार्रा, गेल्या वर्षी तिथे जिंकला होता. वर्ष उलटलं की त्याचे ते गुण गळणार. लोव्रे पॅरिस जिंकला तर दोन वर्षांनी पुन्हा जगात पहिला. आमचे बंधुराज तर आत्तापासूनच तसे चालतात. हॉटेलच्या दारवानालासुद्धा सांगून आले.

आता ज्यासाठी लिहितेय ते. फोनवर तुम्ही ओरडता आणि लोव्रे सदा शेजारी बसलेला असतो, म्हणून पत्र. ताता, जानेवारीपासून मी त्याला फसवतेय. रॅकेटच्या तारांचं गटिंग त्याला अठ्ठावीस किलोंच्या ताणाचं लागतं. लहानपणापासून तेच आणि पहिला क्रमांक मिळाला तोही त्याच ताणावर, त्यामुळे त्याखालचा आकडा तो ऐकूनही घेत नाही. पण अठ्ठावीसवर त्याचं मनगट सुजतं, हे मी दोन वर्षं बघतेय. शेवटी मी गुपचूप एकेक किलो उतरवत गेले. पंचवीसवर आले आणि त्याचा हात मोकळा झाला. रॅकेटवरच्या चिठ्ठीवर मात्र मी अठ्ठावीसच लिहिते.

काल तो पत्रकारांना म्हणाला, की लोक मला संपला म्हणत होते, पण मी तोच आहे आणि माझ्या तारांचा ताणही तोच आहे. मी मागेच उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. सांगू का त्याला? सांगितलं तर चिडेल आणि हट्टाने अठ्ठावीसच मागेल. नाही सांगितलं तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन.

आईला नमस्कार. गुडघ्यांना जपा. लोभ आहेच, तो हे पत्र वाचल्यावरही राहू द्या.

तुमची
नेवा


शिबेनिक,
२८ एप्रिल

चि. नेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं आणि पस्तावलो. ती म्हणते, आधी पोराला खरं सांगा. मी म्हणतो, पॅरिस होईपर्यंत अवाक्षर काढू नकोस. या घरात माझं कोण ऐकतं म्हणा, पण तू विचारलंस म्हणून लिहिलं.

आणि एक बोलतो, राग मानू नकोस. तो अकरा वर्षांचा होता तेव्हापासून अठरा वर्षं मी त्याचं गटिंग केलं. गटिंगच्या यंत्राचं ते लोखंडी धूड उचलून मेलबर्नपर्यंत गेलो. विमानतळावरच्या लोकांना वाटायचं, म्हातारा तोफेचे भाग घेऊन निघालाय. तो अठ्ठावीस मागायचा, मी अठ्ठावीस द्यायचो. मनगट दुखल्याचं एकदा तरी ऐकलंस? माझे गुडघे गेले, मी घरी बसलो, तू ते विजेवरचं चकचकीत यंत्र घेतलंस, आणि सहा महिन्यांत पोरगा पहिल्यावरून घसरला. मी काही म्हणत नाही. वयही असेल, तिशी ओलांडली त्याने. पण कुणाचा हात कसा, हे असतंच.

इकडे बोरा वारा तीन दिवस नुसता पिसाळला होता. क्लबच्या कोर्टावरची अर्धी लाल माती बंदरात जाऊन पडली. तुझी आई खिडक्या लावून बसलीय आणि लोव्रेचा मॉन्टे कार्लोचा फोटो फळीवर सगळ्यांच्या पुढे ठेवलाय.

जेवत जा. लोभ असू दे, म्हाताऱ्याच्या टोमण्यांसकट.

तुझा
ताता


रोम,
१६ मे

ती. ताता यांस,
नेवेंकाचा सा. न. वि. वि.

हे पत्र अँकोनाच्या बोटीवरच्या आपल्या माणसाकडे देतेय, म्हणजे लवकर पोचेल. सगळं उघडं पडलं.

कपडे बदलायच्या खोलीत पुरुषांची पैज लागली, सगळ्यांत कडक तारा कुणाच्या. एका स्पॅनिश खेळाडूकडे ताण मोजायचा चिमटा होता. लोव्रेने हौसेने आपली रॅकेट पुढे केली, म्हणाला, बघा आणि शिका. चिमट्याने पंचवीस दाखवले. दुसऱ्या रॅकेटवर पंचवीस, तिसऱ्यावरही तेच. सगळे इतके हसले म्हणे, की एक जण बाकावरून खाली पडला.

तो माझ्याकडे आला तेव्हा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, की बाहेरचे मला म्हातारा म्हणत होते ते मी सोसलं, तू घरात राहून तेच म्हणत होतीस. मग सगळ्या रॅकेट खऱ्या अठ्ठावीसवर करून घेतल्या आणि दुसऱ्याच फेरीत हरला. आज मनगटाला बर्फ बांधून एकटाच जेवला. पॅरिसलाही अठ्ठावीसच हवेत म्हणतो. मी करून देणार आहे. आता खोटं लिहिणार नाही.

ताता, तुमचा टोमणा मी आठवडाभर चघळतेय. तुमच्या अठ्ठावीसवर दुखलं नाही, माझ्या अठ्ठावीसवर दुखतं. माझं यंत्र मी इथे दोन जणांकडून तपासून घेतलं, ते अचूक आहे. रागावू नका, पण तुमचं एकदा तोलून बघाल का?

लोभ ठेवा. सध्या मला त्याची फार गरज आहे.

तुमची
नेवा


शिबेनिक,
२१ मे

चि. लोव्रे यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस आणि वाच.

तुझ्या बहिणीने मला माझं यंत्र तोलायला सांगितलं. दोन दिवस मी तिच्यावर फणफणत होतो. कालची पोरगी मला गटिंग शिकवते! तिसऱ्या दिवशी तिला खोटं पाडायचं म्हणून शेडमध्ये गेलो.

तुला आठवत नसेल, पण ते यंत्र मी त्रिएस्तहून जुनं विकत आणलं होतं. पट्टीवर जे लोखंडी वजन सरकवून ताण ठरवायचा, ते मूळचं वजन बोटीतून उतरताना माझ्या हातून समुद्रात पडलं. गोदीत काम करणाऱ्या माझ्या मित्राने, माते म्हणायचो आम्ही त्याला, भंगारातून तसंच दिसणारं दुसरं ओतून दिलं. मूळचं तीन किलोंचं होतं. मातेने नजरेने केलं. मीही हातात धरून म्हटलं, तीनच आहे. आम्ही कोळ्यांची पोरं, मासा हातात घेऊन वजन सांगणारी, काट्याला कोण विचारतो! त्यानंतर ते कधी तोललंच नाही.

परवा ते घेऊन मासळीबाजारात बेपेकडे गेलो. त्याच्या काट्यावर तीन किलोंना थोडं कमी भरलं. तुझी आई म्हणाली, बेपेचा काटा गिऱ्हाइकाला नेहमी जास्तच वजन दाखवतो. पोस्टात जा. गेलो. दोन किलो सातशे. पोस्टातल्या बाईला तीनदा तोलायला लावलं, चौथ्यांदा ती माझ्याकडे बघायला लागली. मग घरी येऊन पट्टी अठ्ठावीसवर लावली आणि खरा ताण मोजला. पंचवीस.

म्हणजे अकराव्या वर्षापासून तू जे अठ्ठावीस समजून खेळलास ते पंचवीस होते. पहिला झालास तो पंचवीसवर. तुझं मनगट वयाने गेलं नाही. नेवाने अचूक यंत्र आणलं, तू मागितलेस ते अठ्ठावीस तिने खरोखरचे दिले, आणि तुझ्या हाताने ते जन्मात कधी पेलले नव्हते. तिने मात्र नुसतं तुझ्या खेळाकडे बघून, अंदाजाने, एकेक किलो उतरवत तुला बरोबर घरी आणून सोडलं. आणि मी तिला टोमणे मारत बसलो.

पोरा, दोन वर्षं तू भोगलंस ते माझ्या घमेंडीपायी. ते धूड आता समुद्रात टाकावं म्हणतो, मूळच्या वजनाशेजारी.

तुला जे करायचं ते कर. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
ताता


पॅरिस,
९ जून

ती. ताता यांस,
लोव्रेचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पहिल्या सामन्याच्या आदल्या दुपारी मिळालं. तुम्ही सांगितलंत म्हणून बसून वाचलं. आधी हसलो, पोस्टातल्या बाईपाशी तर फारच. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि नेवाच्या खोलीत गेलो. ती मी सांगितलं होतं तसे अठ्ठावीस किलो ओढत बसली होती, तोंड एवढं फुगवून. मी म्हटलं, सगळ्या तारा काप. तिला वाटलं मी तिला घरी पाठवतोय. कात्री खाली ठेवून ती रडायलाच लागली.

मला माफी मागता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी तुमचाच मुलगा. एका दमात बोलून टाकलं, की चूक माझी, हात माझा असून मला त्याचं कळलं नाही आणि तुला कळलं. मग तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. ती वाचता वाचता इतकी हसली, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोठावली. सहाच्या सहा रॅकेट पंचवीसवर झाल्या, चिठ्ठीवरही पंचवीस.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. अंतिम सामन्यात इबार्रा चांगला खेळला. पहिले दोन सेट गेल्यावर आईने टीव्ही बंद केला असणार, मी पैज लावतो. पण ताता, तेव्हाही मला भीती नव्हती. हात मोकळा होता, चेंडू जिथे म्हणेन तिथे पडत होता, मला फक्त वेळ हवा होता. पाचव्या सेटला त्याची दमछाक झाली आणि मी अजून दोन तास खेळलो असतो. नंतर एका पत्रकाराने विचारलं, तारांचा ताण तोच का? मी म्हटलं, लहानपणापासून तोच, पंचवीस. तो वही चाळत बसला.

यंत्र समुद्रात टाकायचं नाही. त्यावर मी जगात पहिला झालो आहे. आणि दोन वर्षं तुमच्यामुळे गेली, असं पुन्हा लिहू नका. आधीची अठरा कुणामुळे मिळाली?

एक गोष्ट आजवर कुणालाच बोललो नाही. ही दोन वर्षं मी माझ्या या हाताचा दुस्वास केला. सराव संपला की त्याच्याकडे बघून मनात म्हणायचो, तू मला दगा दिलास. त्याचा काहीच गुन्हा नव्हता. आज सकाळी यादी आली. सगळ्यांत वर माझं नाव होतं. मी पलंगाच्या कडेला बसलो, मनगटावर दुसरा हात ठेवला आणि लहान मुलासारखा रडलो. नेवाने पाहिलं. ती शेजारी येऊन बसली.

गुरुवारी दोघंही घरी येतोय. लोभ आहे तो मी पहिला असतानाही तेवढाच असू द्या, जेवढा सतरावा असताना होता.

तुमचा
लोव्रे